जीव वाचला असं तुम्ही लिहिलंत, हृदय किती वाचलं ते कुठे लिहिलंय?

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आमच्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयांचा औषधसाठा मंजूर करणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्या खात्याला जाहीर पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. दोन अर्ज दिले, त्यांची पोच आहे, उत्तर नाही. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या ड्युटीवरच्या एखाद्या पोरीला मेमो मिळेल आणि प्रश्न तिथेच मिटवला जाईल. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या माणसानं हे वाचावं आणि आपल्याकडे काय आहे ते पाहावं.

कारण घडलं ते असं. गेल्या महिन्यात आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक तोंडी सूचना आली. छातीत दुखतं म्हणून आलेला पेशंट इथे ठेवायचा नाही, सरळ जिल्ह्याला रेफर करायचा. हृदयाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, यापुढे टाकायचा नाही, कारण मागच्या दोन व्हायल (बाटल्या) न वापरता मुदतबाह्य झाल्या आणि ऑडिटमध्ये त्यावर शेरा बसला. लेखी काही नाही. विचारलं तर कोणी कबूलही करत नाही. पण त्या दिवसापासून फ्रिजमधला तो कप्पा रिकामा आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले.

त्या दोन व्हायलींशी माझं काय नातं आहे, ते आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ ४७ वर्षांचा. सहा एकर शेती, निम्म्यात पऱ्हाटी, निम्म्यात तूर-हरभरा. मागच्या हिवाळ्यात थ्री फेज रात्रीची होती, म्हणून तो हरभऱ्याच्या ओलितावर गेला होता. पहाटे साडेचारच्या सुमारास छातीत दाब आला, जबडा दुखायला लागला. अर्धा तास धुऱ्यावरच बसून राहिला, मग कसाबसा घरी आला. वहिनी सांगते, एवढ्या थंडीत बनियन घामानं पिळून काढावं असं ओलं होतं. घरात ओवा दिला, इनो दिलं. सहा वाजता गावातल्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गॅस म्हणून एक आणि दुखणं थांबावं म्हणून एक, अशी दोन इंजेक्शनं कमरेत दिली.

मला फोन आला पावणेसातला. मी तालुक्याच्या गावी राहते. फोनवर त्याचा आवाज ऐकला. "ताई, छातीवर कोनं पाय देऊन उभं असल्यावानी वाटून रायलं." मी एवढंच म्हटलं, ॲस्पिरिनची गोळी मिळव, चावून खा, आणि निघा. १०८ ला फोन लावला. गाडी दुसऱ्या केसवर होती. शेजाऱ्याच्या मॅजिकमध्ये घालून त्याला ७ वाजून ३५ मिनिटांनी रुग्णालयाच्या दारात आणलं. मी आधीच तिथे उभी होते.

ईसीजी निघाला ९ वाजून ५ मिनिटांनी. दीड तास! मशीन होतं, कागदाचा रोल कपाटात होता, कपाटाची किल्ली टेक्निशियनकडे होती आणि टेक्निशियन नऊला येतो. पट्टी बाहेर आली तेव्हा मी वाचली आणि माझे हात गार पडले. समोरच्या भिंतीचा मोठा झटका, छातीवरच्या पहिल्या चार लीड्समध्ये (तारांच्या नोंदींत) रेषा थडग्याच्या दगडासारखी उचललेली. ड्युटीवर बॉण्डवरचा २५-२६ वर्षांचा डॉक्टर मुलगा होता. त्यानंही बरोबर ओळखलं. फ्रिज उघडला. दोन व्हायल होत्या. दोन्हींची मुदत सात आठवड्यांपूर्वी संपलेली.

पुढचं थोडक्यात सांगते. ९० किलोमीटर, ११ वाजून २० मिनिटांनी जिल्ह्याचं रुग्णालय, केस पेपर, कॅज्युअल्टी, बेड, आणि १२ वाजून १० मिनिटांनी स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचं ड्रिप सुरू. कळ सुरू झाल्यापासून ७ तास ४० मिनिटं.

आठव्या दिवशी तो घरी आला. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत 'सुधारणा' असा शेरा आहे. तुमच्या मासिक अहवालात तो एक वाचलेला रुग्ण आहे. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे. निरोगी माणसाचं ५५ च्या वर असतं. आता तो घरापासून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेणं सोडा, यंदा वेचलेल्या कापसाचं गठुडं उचलताना त्याला धाप लागली आणि पुतण्याने ते हातातून काढून घेतलं. तो बाजूला उभा राहून मजुरांकडे पाहत होता. ते पाहणं मला जमलं नाही. शेत आता मक्त्यानं दिलंय.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. गुठळी विरघळवणारं औषध 'दिलं' याला अर्थ नाही, ते 'कधी दिलं' यावर माणसाचं उरलेलं आयुष्य ठरतं, आणि तुम्ही ते 'कधी' मोजतच नाही.

हे भावनेच्या भरात बोलत नाही. नोकरीत जे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतलं, ते मांडते. ओलित करणाऱ्या माणसाला हे लवकर कळेल. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या त्याच्या बाहेरच्या अंगावरून जातात आणि तिथून फाटे फुटून आत शिरतात. म्हणजे आतला थर हा पाटाच्या शेवटचा वाफा. पाट बंद झाला की शेवटचा वाफा आधी सुकतो. धमनी पूर्ण बंद झाल्यावर २० ते ४० मिनिटांतच आतल्या थराच्या पेशी मरायला लागतात आणि ते मरण आतून बाहेरच्या दिशेनं सरकत जातं. सहा तासांच्या आसपास, आडवाटेनं रक्त येत नसेल तर, त्या भागातलं वाचवण्याजोगं बहुतेक स्नायू संपलेलं असतं. मेलेलं स्नायू परत उगवत नाही. तिथे व्रण होतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही.

किती नुकसान होणार हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. कुठली धमनी बंद पडली? भावाची डावीकडची, समोरच्या भिंतीला रक्त देणारी मुख्य धमनी होती. ती गेली की सगळ्यात मोठं शेत कोरडं पडतं. खालच्या भिंतीचा झटका असता तर सहसा नुकसान कमी झालं असतं. बाजूच्या बारीक वाहिन्यांनी आडवाटेनं रक्त येत होतं का? ज्याला आधी काही दिवस अधूनमधून छातीत दुखत होतं, त्याचं स्नायू कधी कधी थोडा जास्त वेळ तग धरतं. शुगर आहे का? भावाला आहे, आणि ती असल्याचं त्या दिवशीच कळलं. खर्राही खायचा, वीस वर्षं. हे लपवत नाही. मधुमेही माणसाच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब असतात, त्यात कित्येकांना कळ नीट जाणवतच नाही आणि ते उशिरा येतात. बायांचंही तसंच, मळमळ, थकवा, पाठ भरून येणं, आणि घरचे म्हणतात पित्त झालं.

मग गुठळीचं वय. ताजी गुठळी लवकर विरघळते. तासातासाने ती घट्ट होत जाते आणि तेच औषध तिच्यावर कमी चालतं. म्हणजे उशिराचा फटका दुहेरी बसतो. इकडे स्नायू मरतं आणि तिकडे औषध बोथट होतं. औषध कोणतं यानंही फरक पडतो. १९९३ च्या गस्टो नावाच्या अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज आणि अल्टेप्लेज हे दुसरं औषध यांची तुलना झाली. दीड तासानं धमनी पूर्ण वेगानं वाहती सापडली ती स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत, आणि अल्टेप्लेज वेगानं दिलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्तांत. टेनेक्टेप्लेज त्याच कुळातलं. १९९९ मध्ये जवळपास १७ हजार रुग्णांवर ते अल्टेप्लेजच्या बरोबरीचं ठरलं. ते वजनाप्रमाणे एकदाच, पाच-दहा सेकंदांत शिरेतून देता येतं. तासभर ड्रिपजवळ बसावं लागत नाही. जिथे रात्री एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) एवढाच स्टाफ असतो, तिथे ही किती मोठी गोष्ट आहे ते मला विचारा.

आणि मुख्य पाट मोकळा झाला म्हणजे पाणी वाफ्यात पोचलं असंही नाही. फार वेळ कोरड्या पडलेल्या भागात बारीक वाहिन्या सुजतात, त्यांत बारीक गुठळ्या अडकतात. मोठी धमनी उघडते पण स्नायूला रक्त पोचत नाही. थोडी इजा तर रक्त परत सुरू होतानाच होते. शिवाय उघडलेली धमनी पुन्हा बंद होऊ शकते, कारण गुठळी विरघळली तरी आतली अरुंद जागा तशीच असते. म्हणून इंजेक्शनानंतर ६० ते ९० मिनिटांनी दुसरा ईसीजी काढायचा असतो. उचललेली रेषा निम्म्यानं खाली आली नाही तर औषध लागू पडलं नाही असं समजून ताबडतोब अँजिओप्लास्टीला न्यायचं. आली असली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी. भावाची रेषा निम्म्यानं खाली आली नव्हती. कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी जिथे होते ती जागा, दीडशे किलोमीटरवर. योजनेचं कार्ड, गाडी, बेड मिळतोय का याचे फोन, यांत तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला.

या कारणांपैकी शुगर, धमनी, वय, आडवाटा यांतलं काही त्या सकाळी कोणाच्या हातात नव्हतं. वेळ मात्र होती.

हेच औषध वेळेत मिळालेला माणूस मी पाहिलाय. पंधरा एक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तालुक्यात होते. तिथले एमओ (वैद्यकीय अधिकारी) फ्रिजमध्ये कायम दोन स्ट्रेप्टो ठेवत, स्वतः तारखा पाहत. जिनिंगवरचा एक हमाल कळ आल्यापासून ५० मिनिटांत आला, कारण जिनिंग रस्त्यापलीकडेच होतं. दहा मिनिटांत ईसीजी, ॲस्पिरिन चावायला, गुठळी वाढू न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी, आणि स्ट्रेप्टोचे १५ लाख युनिट ड्रिपमध्ये. अर्ध्या-पाऊण तासानं मॉनिटरवर अचानक रुंद, वेडेवाकडे ठोके आले. मी घाबरून सरांना हाक मारली. ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, सिस्टर, थांबा, धमनी उघडतेय. दोन मिनिटांत ठोके जागेवर आले, आणि तो हमाल म्हणाला, "बाई, दुखनं गेलं." चेहऱ्यावरचा राखेसारखा रंग उतरताना मी पाहिला. तो माणूस पुढे कित्येक वर्षं गाठी उचलत होता. माझ्या भावासारखाच झटका, तसलंच सरकारी रुग्णालय, भावाला मिळालं तेच औषध. फरक सुमारे साडेसहा तासांचा.

मोठ्या लोकांनी हे कधीच सिद्ध केलंय. इटलीत १९८६ मध्ये ११,८०६ रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेजची चाचणी झाली. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले, सहा तासांनंतर मिळालेल्यांत फायदा ठळक दिसेना. दोन वर्षांनी १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणानं झालेले मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. त्यातलं ॲस्पिरिन हे रुपया-दोन रुपयांचं औषध. उशिरा आलेल्यालाही बारा तासांपर्यंत द्यावं असा नियम आहे, म्हणून भावाला दिलं ते बरोबरच केलं. आणि आपल्या देशात? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या हृदयविकाराच्या रुग्णांच्या क्रिएट नावाच्या नोंदवहीत अशा मोठ्या झटक्याचे निम्मे रुग्ण रुग्णालयात पोचायला ३०० मिनिटांहून जास्त लागले. पाच तास घरी-दारी-रस्त्यात जाणाऱ्या माणसाला तुम्ही आता आणखी ९० किलोमीटर पुढे पाठवणार आहात.

माझ्या तक्रारी या:

१. मुदतबाह्य व्हायलींचा अर्थ तुम्ही उलटा लावलात. औषध वापरलं गेलं नाही म्हणजे पेशंट आले नाहीत असं होत नाही. त्या व्हायली मुदतीत होत्या त्या काळात आमच्या आसपासच्या गावांतून छातीत कळ आलेले लोक या रुग्णालयात आले आणि पुढे पाठवले गेले, हे मी नावागावानिशी सांगू शकते. ईसीजी काढला असता तर व्हायली वापरल्या गेल्या असत्या. शेरा रेफर करण्यावर बसायला हवा होता.

२. 'थेट कॅथलॅबला पाठवलेलं चांगलं' हे तुमचं नेहमीचं म्हणणं अर्धं खरं आहे. अँजिओप्लास्टी वेळेत होत असेल तर ती इंजेक्शनपेक्षा सरसच. पण निदानापासून दोन तासांच्या आत ती होणार नसेल तर आधी इंजेक्शन द्यावं आणि मग पाठवावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. इंजेक्शनही निदानापासून १० मिनिटांत. आमच्या तालुक्यातून दोन तासांत कॅथलॅबच्या टेबलावर माणूस पोचवून दाखवा, मी हे पत्र मागे घेईन. पावसाळ्यात नाल्याला पूर असताना तर बोलायलाच नको.

३. ईसीजी नऊ ते पाच नसतो. हृदयविकाराचे झटके पहाटे आणि सकाळी जास्त येतात हे परिचर्येच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. बारा लीड लावायला दहा मिनिटं लागतात आणि ते प्रत्येक सिस्टरला येतं. येत नसेल तर एका दुपारीत शिकवता येतं. मी शिकवीन, मानधन नको.

४. गावपातळीवर कोणाला काही सांगितलेलं नाही. भावाला कमरेत जी दोन इंजेक्शनं दिली, त्यातलं एक डायक्लोफेनॅक होतं. हृदयविकाराच्या झटक्यात ते देऊच नये. आणि गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं असेल तर स्नायूत सुई टोचायचीच नसते, कारण मग तिथेच रक्त साकळतं. भावाच्या कमरेवर भाकरीएवढा काळानिळा गोळा आला होता. पंधरा दिवस त्याला कुशीवर वळता येत नव्हतं. त्या डॉक्टरनं वाईट हेतूनं केलं नाही. त्यांना कोणी कधी बोलावून सांगितलंच नाही.

५. ड्युटीवरच्या डॉक्टरला तुम्ही एकटं सोडलंय. या औषधाने शंभरात सुमारे एकाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तसं झालं तर नातेवाईक अंगावर धावून येतील, कोर्टात ओढतील, ही भीती खरी आहे. २५ वर्षांच्या मुलानं ती एकट्यानं का घ्यावी? त्याला फोनवर एक फिजिशियन हवा, आधीचा पक्षाघात, चालू रक्तस्राव, डोक्याला मार, हाताबाहेरचं बीपी यांची एका पानाची तपासयादी हवी, मराठीत छापलेलं संमतिपत्र हवं, आणि काही झालं तर पाठीशी उभं राहणारं खातं हवं. त्या मुलाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तो भावाच्या ॲम्ब्युलन्समागे गेटपर्यंत पळत आला होता, पट्टी द्यायची राहिली म्हणून.

६. डिस्चार्जनंतर तुमच्यासाठी पेशंट संपतो. भावाला आयुष्यभराच्या सहा गोळ्या आहेत. त्यातल्या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, बाकी विकत. पंपिंग कमी झालेल्या माणसाच्या गोळ्या हळूहळू वाढवायच्या असतात, बीपी आणि नाडी पाहून. ते कोण पाहणार?

यावर पैसा नाही असं म्हणू नका. टेनेक्टेप्लेज २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, स्ट्रेप्टोकायनेज त्याआधीपासून. यादीत आहे म्हणजे ते असायलाच हवं असा आमचा साधा समज आहे. आणि अशक्य आहे असंही म्हणू नका. तमिळनाडूनं लहान रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडून, ॲम्ब्युलन्स आणि ईसीजी एका साखळीत आणून दाखवलं. २,४२० रुग्णांचा तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले होते. आपल्या राज्यातही स्टेमी महाराष्ट्र (स्टेमी म्हणजे धमनी पूर्ण बंद होऊन येणारा असा मोठा झटका) या नावानं असाच प्रकल्प सुरू झाला. १०८ ची गाडी २०१४ पासून रस्त्यावर आहे. दोरे सगळे आहेत, गाठ मारायची राहिलीय.

मागण्या सांगते. कोणत्याही मागणीला नवी इमारत लागत नाही.

ती तोंडी सूचना लेखी आदेशानं रद्द करा. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाचा बारा लीडचा ईसीजी दारात आल्यापासून दहा मिनिटांत, दिवस असो की रात्र. रोल आणि जेली कुलपाबाहेर. पट्टीचा फोटो लगेच जिल्ह्याच्या फिजिशियनकडे, आणि पलीकडे चोवीस तास फोन उचलणारा माणूस नेमलेला.

प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात टेनेक्टेप्लेजच्या किमान दोन व्हायल कायम. मुदत संपायला चार महिने उरले की त्या जिल्हा रुग्णालयात पाठवायच्या, तिथे रोज वापर आहे, आणि बदल्यात नव्या आणायच्या. म्हणजे वाया जाणार नाहीत आणि ऑडिटलाही जागा उरणार नाही. आम्ही लसींचं असंच करायचो. यात नवीन काही नाही.

इंजेक्शन दिलेला पेशंट डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र) असलेल्या गाडीतून थेट कॅथलॅबच्या ठिकाणी जावा, मधल्या रुग्णालयात पुन्हा केस पेपर काढायला थांबू नये. योजनेची मंजुरी तो रस्त्यात असतानाच व्हावी.

प्रत्येक आशाताई आणि उपकेंद्राच्या सीएचओकडे (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे) ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन असावं, आणि कोणाला द्यायचं, कोणाला नाही, याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण व्हावं. त्याच बैठकीला गावातल्या खाजगी डॉक्टरांनाही सन्मानानं बोलवा.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची मागणी. केस पेपरवर पाच रकाने छापा. कळ कधी सुरू झाली, दारात कधी आला, ईसीजी कधी, इंजेक्शन कधी, नव्वद मिनिटांनी रेषा निम्म्यानं उतरली का. घरी सोडताना आणि सहा आठवड्यांनी इको करून पंपिंगचा आकडा लिहा. दर महिन्याला हे आकडे, पेशंटचं नाव न देता, रुग्णालयाच्या फळ्यावर लावा. आज तुमच्या अहवालात दोनच खाने आहेत, मेला आणि सुधारला. माझा भाऊ त्या दोन्हींत बसत नाही.

अशा माणसांच्या गोळ्या, सगळ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळाव्यात आणि महिन्यातून एकदा बीपी-नाडी-वजन पाहून नोंद व्हावी. वजन दोन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणजे अंगात पाणी साचतंय, हे वहिनीला मी शिकवलं. ज्या घरात नर्स नाही त्यांना कोण शिकवणार?

येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात येत आहे. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. बरोबर भाऊ असेल, त्याला जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर भेटायची सोय करावी ही विनंती. पिशवीत त्या सकाळची नऊ वाजून पाच मिनिटांची ईसीजी पट्टी, इकोचा कागद, माझ्या दोन अर्जांच्या पोचपावत्या आणि आमच्या सर्कलमधल्या अकरा घरांची यादी असेल. प्रत्येक घरापुढे कळ आल्याची वेळ आणि इंजेक्शनाची वेळ लिहिली आहे. चार घरांपुढे दुसरी वेळ नाही.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका